दुसऱ्या दिवशीची अंगदुखी लॅक्टिक आम्लामुळे होत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मैदानांवर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींना वर्षानुवर्षे सांगितले जाते की, दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे, आणि ते जिरवण्यासाठी पुन्हा तितक्याच जोराने धावावे. हे खरे नाही. व्यायामात वाढलेले लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे शरीरातले रूप) साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. हृदय तर ते इंधन म्हणून वापरते. २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवणारी दुखी ही, उतारावर धावताना किंवा बैठका मारताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असल्यामुळे, त्याच्या तंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेशी आणि त्यानंतरच्या दाहाशी निगडित असते.

व्यायाम प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्याने एवढे पाठ करून भागत नाही. दोन्ही मांड्यांतली पसरट दुखी आणि नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारी वेदना यांतला फरक त्याला विचारून, हात लावून ओळखता आलाच पाहिजे, कारण हाडाला बारीक तडा गेलेला असताना धावायला लावले, तर भरतीची संधीच हातची जाते. खानदेशातल्या उन्हाळ्यात आणखी एक प्रश्न रोज विचारावा: लघवी गडद तपकिरी झाली आहे का? तशी असेल, तर ते स्नायूंना गंभीर इजा झाल्याचे लक्षण असू शकते, म्हणून सराव थांबवून तातडीने रुग्णालयात न्यावे.