तीन आठवड्यांच्या तीन इंद्रधनुषी जर्स्या

सप्टेंबर 2015च्या पहिल्या आठवड्यात अँडोरामधल्या वाल्नोर्डला फ्रान्सची सायकलपटू पॉलिन फेराँ-प्रेव्हो हिने माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा जिंकली. रस्त्यावरच्या शर्यतीचं जगज्जेतेपद तिच्याकडे आदल्या वर्षीपासून होतं. सायक्लोक्रॉसचं, म्हणजे शेताचिखलातल्या शर्यतीचं, तिने त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस मिळवलं होतं. तीन वेगळ्या प्रकारांतल्या जगज्जेत्याच्या इंद्रधनुषी जर्स्या एकाच वेळी एका व्यक्तीकडे, असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं, ना स्त्रियांमध्ये ना पुरुषांमध्ये. ती 23 वर्षांची होती.

हे राज्य टिकलं जेमतेम तीन आठवडे. सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या रिचमंडला रस्त्यावरचं जगज्जेतेपद ब्रिटनच्या लिझी आर्मिटस्टेडकडे गेलं आणि तीनांतली एक जर्सी उतरली. पांढऱ्या कापडावर निळा, लाल, काळा, पिवळा आणि हिरवा पट्टा असलेली ही जर्सी विजेत्याला पुढच्या जागतिक स्पर्धेपर्यंत घालता येते, तीही त्याच प्रकारच्या शर्यतीत. डांबरी रस्त्यावर मिळवलेली जर्सी चिखलात घालून चालत नाही. पॉलिनला तेवढ्या दिवसांत शर्यतीप्रमाणे जर्सी बदलायची सोय होती आणि प्रत्येक वेळी अंगावर इंद्रधनुष्यच असणार होतं.

तिची कारकीर्द समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागतं, कारण एकाच सायकलपटूने अनेक प्रकारांत उतरणं ही काही आजची गोष्ट नाही. उलट, एकच प्रकार धरून बसणं हीच नवी रीत म्हणायला हवी.

सायक्लोक्रॉसची पहिली राष्ट्रीय स्पर्धा फ्रान्समध्ये 1902 साली दानियेल गूसो याने भरवली. शेतं, ओढे, चिखल, आणि जिथे सायकल चालणार नाही तिथे ती खांद्यावर टाकून पळायचं, असा हा प्रकार. रस्त्यावरचे सायकलपटू हिवाळ्यात पाय गरम ठेवायला त्यात उतरत. 1910ची टूर द फ्रान्स जिंकलेल्या ओक्ताव लापीझने आपल्या यशाचं श्रेय सायक्लोक्रॉसला दिलं आणि तेव्हापासून या खेळाकडे लोक गांभीर्याने बघू लागले.

दुसरी हिवाळी सोय म्हणजे वेलोड्रोम. बंदिस्त ट्रॅकवर सहा दिवस चालणाऱ्या शर्यतींना तिकीट काढून गर्दी यायची आणि सायकलपटूंना चांगले पैसे मिळायचे. रस्त्यावर तीनदा जगज्जेता ठरलेल्या बेल्जियमच्या रिक व्हान स्टेनबर्गेनने अशा 40 सहा-दिवसी शर्यती जिंकल्या. एडी मर्क्सने 17 जिंकल्या, त्यांतल्या बहुतेक पाट्रिक सेर्क्यूच्या जोडीने, आणि 1972 साली मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर कापून विक्रमही केला. फाउस्तो कोप्पी रस्त्यावर 1953 साली जगज्जेता झाला, पण त्याआधी ट्रॅकवरच्या पर्स्यूटचं, म्हणजे पाठलागाच्या शर्यतीचं, जगज्जेतेपद त्याने दोनदा मिळवलेलं होतं. रोजे द व्लामिंकने 1975 साली सायक्लोक्रॉसचं जगज्जेतेपद आणि पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची एकदिवसीय शर्यत, दोन्ही एकाच वर्षात घेतलं. ही माणसं अष्टपैलू होती यात शंका नाही, पण आपण हौसेच्या गोष्टी बोलतो तेव्हा एक विसरतो: उन्हाळ्याच्या कमाईवर वर्ष निघत नसे. अष्टपैलूपण हा पोटापाण्याचाही प्रश्न होता.

पगार वाढले, तशी ही गरज संपली. 1980 आणि 90च्या दशकांत सगळा मोसम टूर द फ्रान्सच्या जुलैमधल्या तीन आठवड्यांभोवती बांधायची पद्धत रुळली. हिवाळ्यात चिखलात पडून खांदा मोडून घेण्यापेक्षा डोंगरात शांतपणे सराव केलेला बरा, असं संघांना वाटू लागलं. सगळीकडे हात घालणाऱ्याची गत ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशी होते, हा समज पक्का झाला. माउंटन बाइकची अधिकृत जागतिक स्पर्धा 1990 साली कोलोराडोतल्या ड्युरँगोला सुरू झाली, 1996ला अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला, पण तिथून रस्त्यावर येणारे एकेरी वाटेने येत. ऑस्ट्रेलियाच्या कॅडेल एव्हान्सने 1998 आणि 1999चा माउंटन बाइक विश्वचषक जिंकला, मग तो प्रकार मागे सोडला आणि 2011 साली टूर जिंकली.

स्त्रियांची गोष्ट मात्र वेगळ्या रुळांवरून गेली. त्यांच्यासाठी रस्त्यावरची जागतिक स्पर्धा 1958मध्ये सुरू झाली, ऑलिंपिकमध्ये रस्त्याची शर्यत यायला 1984 उजाडलं, आणि सायक्लोक्रॉसची जागतिक स्पर्धा तर थेट 2000 साली. इंग्लंडच्या बेरिल बर्टनने रस्त्यावर दोनदा आणि ट्रॅकवरच्या पर्स्यूटमध्ये पाचदा जगज्जेतेपद मिळवलं. 1967 साली बारा तासांच्या शर्यतीत 277.25 मैल कापताना तिने पुरुषांनाही मागे टाकलं. आणि ही बाई एरवी शेतात मजुरी करत असे. व्यावसायिक ती कधी झालीच नाही. जिथे एकाही प्रकारात धड पैसा नाही, तिथे एकाच प्रकाराला चिकटून राहायचं कारण काय? पुरुषांच्या खेळातून निघून गेलेलं अष्टपैलूपण स्त्रियांच्या खेळात टिकलं, त्यामागे हे कारण मला सर्वांत मोठं वाटतं.

या परंपरेचं शिखर म्हणजे नेदरलँड्सची मारिआन व्होस. 2006 साली, वयाची विशी गाठण्याआधीच, ती सायक्लोक्रॉस आणि रस्ता या दोन्हींत जगज्जेती झाली. 2008ला बीजिंगमध्ये ट्रॅकवर ऑलिंपिक सुवर्ण, 2012ला लंडनमध्ये रस्त्यावर. सायक्लोक्रॉसची आठ जगज्जेतेपदं तिच्या नावावर आहेत.

पॉलिन याच व्होसच्या संघात घडली. रँस शहरात 1992 साली जन्मलेली ही मुलगी 2010मध्ये ज्युनियर गटात रस्ता आणि माउंटन बाइक अशा दोन्ही स्पर्धा जिंकून आली होती. 2014च्या सप्टेंबरमध्ये स्पेनमधल्या पोनफेराडाला व्होससह चौघी पुढे निसटल्या होत्या, पण ‘तू ओढ, मी ओढ’ करत घुटमळल्या. मागचा घोळका अगदी शेवटी त्यांच्यावर येऊन आदळला आणि त्या गोंधळातून पॉलिन आधी रेषेवर पोहोचली. चार महिन्यांनी ताबोरच्या गोठलेल्या ट्रॅकवर साने कांट दुसरी, व्होस तिसरी, पॉलिन पहिली.

आणि मग किंमत मोजायची वेळ आली, ती दोघींवरही. व्होसला दुखापत आणि अतिश्रमामुळे 2015चा जवळपास अख्खा मोसम बाहेर काढावा लागला. पॉलिनला सायटिकाने घेरलं. 2016ला रिओ ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकची शर्यत तिने अर्ध्यावर सोडली. सायक्लोक्रॉसचा मोसम सप्टेंबर ते फेब्रुवारी, वसंतात रस्त्यावरच्या एकदिवसीय शर्यती, उन्हाळ्यात माउंटन बाइक आणि मधे रस्त्यावरचे दौरे. वर्षाची पानं उलटून पाहिली तर विश्रांतीला रिकामं पान सापडत नाही. शिवाय शरीराकडून प्रत्येक प्रकार वेगळं काही मागतो. रस्त्यावर चार तास घोळक्यात दबून राहून शेवटी फुटायचं, सायक्लोक्रॉसमध्ये पाऊण-एक तास पहिल्या मिनिटापासून सगळं पणाला, माउंटन बाइकला साधारण दीड तास आणि तोही एकटीने, समोरचा दगड आणि मूळ वाचत. मिळतंजुळतं असतं ते फुप्फुसांचं बळ आणि सायकलवरचा हात.

पुढे तिच्या पायातल्या रक्तप्रवाहाचा दोष उघड झाला. सायकलपटू वर्षानुवर्षं कंबरेत वाकून पाय फिरवतात, त्यामुळे पोटातून मांडीकडे जाणारी इलियाक धमनी काहींमध्ये आतून जाड होते आणि मुरगळते. ऐन जोर लावताना पायाला रक्त कमी पडतं आणि पाय निकामी वाटू लागतो. बाहेरून बघणाऱ्याला ही माणसं ढेपाळली असंच वाटतं. 2019च्या सुरुवातीला तिची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी कॅनडात ती पुन्हा माउंटन बाइकची विश्वविजेती झाली.

यानंतरची पॉलिन निराळी आहे. प्रकार तिने सोडले नाहीत, पण एकाच वर्षात सगळे कोंबायचं मात्र बंद केलं. रस्त्यावरच्या शर्यती मागे पडल्या, डोंगर पुढे आला. 2022मध्ये माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री, शॉर्ट ट्रॅक आणि मॅरेथॉन या तिन्ही उपप्रकारांत ती जिंकली आणि त्याच वर्षी इटलीत पहिल्यांदाच भरलेली ग्रॅव्हलची, म्हणजे खडीच्या रस्त्यांवरची, जागतिक स्पर्धाही तिने खिशात घातली. उरलं होतं ऑलिंपिक पदक. टोकियोत ती दहावी आली होती. 28 जुलै 2024ला पॅरिसजवळच्या एलाँकूर टेकडीवर घरच्या प्रेक्षकांसमोर तिने जवळपास तीन मिनिटांच्या फरकाने सुवर्ण घेतलं.

पुरुषांमध्येही तोवर जुने दिवस परतले होते. माथ्यू व्हान दर पूल, वाउट व्हान आर्ट, टॉम पिडकॉक ही सगळी सायक्लोक्रॉसच्या चिखलात वाढलेली मंडळी. पण 2023ला ग्लासगोला रस्त्याचं जगज्जेतेपद मिळवून काही दिवसांतच माउंटन बाइकला उतरलेला व्हान दर पूल पहिल्याच फेरीत आपटला. सगळं एकदम जमवणं त्यालाही जड गेलं.

ऑलिंपिक सुवर्णानंतर पॉलिनने माउंटन बाइक ठेवून दिली. रस्त्यावरच्या शर्यतींच्या व्हिस्मा संघात दाखल होताना तीन वर्षांत स्त्रियांची टूर द फ्रान्स जिंकायची, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. 2025च्या एप्रिलमध्ये पॅरिस-रूबेच्या दगडी रस्त्यांवर ती एकटी पुढे निघाली आणि जिंकली. ओबडधोबड दगडांवर सायकल सैल सोडायची सवय डोंगरातून आलेली होती, हे वेगळं सांगायला नको. ऑगस्टमध्ये मादलेन घाटावर आघाडीवीराची पिवळी जर्सी घेऊन तिने टूरही जिंकली, दुसऱ्या क्रमांकावरच्या डेमी फोलरिंगपेक्षा 3 मिनिटं 42 सेकंद आधी. त्यासाठी सुमारे चार किलो वजन तिने उतरवलं होतं. त्यावरून वाद झाला, आणि इतकं हलकं राहणं कायमचं बरं नाही हे तिने स्वतःही मान्य केलं. सगळ्यांत जास्त प्रकार जिंकलेल्या या बाईने सगळ्यांत मोठा दौरा जिंकला तो बाकीचं सगळं बाजूला ठेवून.

याच दौऱ्याच्या पहिल्या टप्प्यात प्लुमलेकच्या चढावर पॉलिन सुटली होती. रेषा समोर दिसत असताना मागून तिचीच संघसहकारी आली आणि तिला ओलांडून जिंकली. ती 38 वर्षांची मारिआन व्होस होती.