न फिरल्यामुळे झिजणारं बेअरिंग

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट मोटरसायकलने उतरताना पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या मुळाशी ‘टक्’ असा आवाज येतो. पोवई नाक्याच्या गर्दीत हळू चालवताना गाडी उगाच डावी-उजवीकडे ओढ घेते. या दोन गोष्टी जाणवल्या की कोनसेट तपासायला घ्यावा. हे काम घरच्या अंगणात होतं, आणि ते करताना धातूच्या झिजेचा एक विलक्षण नमुना हातात येतो.

कोनसेट म्हणजे चेसिसच्या पुढच्या नळीत वर आणि खाली बसवलेली दोन बेअरिंगं. हँडल, शॉकअप आणि पुढचं चाक त्यांच्यावरच वळतं. चाकाचं बेअरिंग दर किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे मारतं. हँडलचं बेअरिंग मात्र साताऱ्याहून पुण्यापर्यंत गेलं तरी बराचसा वेळ मधल्या एक-दोन अंशांतच घुटमळत असतं. तरीही ते झिजतं, आणि त्याचं मोठं कारण हे न फिरणंच आहे.

छर्रा, म्हणजे बेअरिंगमधली पोलादी गोळी, गरगर फिरत असला की ग्रीस त्याच्याबरोबर पसरत राहतं. तो एकाच जागी उभा राहून नुसता थरथरला, तर खालचं ग्रीस हळूहळू बाजूला सरकतं आणि धातूला धातू घासतो. सुटलेले बारीक कण हवेतल्या ऑक्सिजनमुळे गंजतात. ती तांबूस पूड पुन्हा पॉलिश पेपरसारखं काम करते. शेवटी प्रत्येक छर्रा आपल्यापुरता खळगा कोरून घेतो. याला ‘फॉल्स ब्रिनेलिंग’ म्हणतात. ब्रिनेल हे स्वीडनचे अभियंते. टणक गोळा धातूवर दाबून, उठलेल्या खळग्यावरून कठीणपणा मोजायची त्यांची पद्धत 1900 मध्ये जगापुढे आली. इथले खळगे तसेच दिसतात, पण ते दाबाने नाही तर झिजेने पडतात. जनरल मोटर्सच्या आल्मेन यांनी 1937 मध्ये हा प्रकार मांडला. रेल्वेने पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींची चाकं वाटेत फिरत नव्हती, फक्त हादरत होती, आणि तेवढ्यानेच त्यांची बेअरिंगं खराब होत होती.

आपल्याकडे याच्या जोडीला खरे दणकेही असतात. खड्डे, न रंगवलेले स्पीडब्रेकर आणि पुढचा ब्रेक. ब्रेकचा ढोबळ हिशेब करून बघा. जमिनीपासून खालचं बेअरिंग साधारण 70 सेंटीमीटरवर, आणि दोन बेअरिंगांत अंतर 17 सेंटीमीटर. म्हणजे तरफेच्या नियमाने टायरवरच्या ब्रेकच्या जोराच्या जवळजवळ पाचपट जोर खालच्या बेअरिंगवर येतो. गाडीच्या पुढच्या भागाचं वजनही तेच पेलतं. म्हणून आधी खालचंच जातं. कास-ठोसेघरचा पाऊस आणि वॉशिंग सेंटरमधला जोरदार फवारा आत पाणी घालतात, ते वेगळंच.

तपासायला गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा. हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर निदान झालं. मग शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. ढिलाई असेल तर हाताला कळते. ही खाच धोक्याची का? दुचाकी सरळ जाते तेव्हाही हँडल सतत किंचित इकडे-तिकडे वळून तोल सावरत असतं. ते वळणंच अडलं की गाडी भरकटायला लागते.

खोलताना चाक, मडगार्ड, हँडल, शॉकअप आणि वरची टी (शॉकअपच्या नळ्या धरणारा आडवा तुकडा; तसाच एक खालीही असतो) काढून शेवटी बेअरिंगं आवळून धरणारा रिंग नट सोडायचा. खाली चादर अंथरा, कारण अनेक गाड्यांत छर्रे सुटे असतात आणि खालची टी सुटून खाली येताच ते घरंगळतात. वरचे किती, खालचे किती, ते लिहून ठेवा. खालची वाटी, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात ती नळीत ठोकलेली कडी, रॉकेलने पुसून नख फिरवलं की ओळीने खळगे लागतात. ग्रीस भरून अशी वाटी पुन्हा बसवू नये. छर्रे त्याच खळग्यांत जाऊन बसतील. पूर्ण सेटच बदलावा.

जुन्या वाट्या उलट बाजूने लांब रॉड घालून, आलटून-पालटून कडेला ठोकत काढाव्या. नव्या वाट्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. 47 मिलिमीटर व्यासाची पोलादी वाटी 40 अंशांनी थंड झाली की सुमारे 0.02 मिलिमीटर आकसते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण घट्ट बसणीत तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. जुनी वाटी वर ठेवून सरळ ठोका. नवी तळाला टेकली की भद्द आवाज जाऊन खणखणीत येतो. खालच्या टीवरचा कोनही (छर्रे ज्यावर टेकतात ती दुसरी कडी) बदलायचा, तो आळसाने सोडू नये.

ग्रीस सढळ हाताने भरा. रिंग नट आधी जरा जास्त आवळून हँडल दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवा, मग नट किंचित सैल करा. चाक अधांतरी असताना हँडल मध्यापासून जरासं ढकललं की आपल्या वजनाने कडेला पडायला हवं, आणि पुढे-मागे अजिबात हलता कामा नये. वरचा मोठा नट आवळला की हा ताण पुन्हा बदलतो, म्हणून त्यानंतर परत तपासा. नव्या वाट्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात; तेव्हा रिंग नट पुन्हा एकदा बघावा लागतो.