वृंदगान-संचालक (ठाणे व नवी मुंबई)

नोकरी-धंदा सांभाळून हौसेने एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींचा संच बांधणारी, त्यांच्याकडून गाणी बसवून घेणारी आणि रंगमंचावर हाताच्या खुणांनी त्यांना चालवणारी व्यक्ती म्हणजे वृंदगान-संचालक. ‘कंडक्टर’ हा शब्द या भागात वापरणे अवघडच. टीएमटी आणि एनएमएमटी या ठाणे व नवी मुंबईच्या महापालिका बसनी तो आधीच घेऊन ठेवला आहे. ‘संचालक’ निमंत्रणपत्रिकेवर छापतात, तालमीत मात्र सगळे ‘सर’ किंवा ‘ताई’च म्हणतात. ‘ऑर्केस्ट्रा’चेही तसेच. मराठी श्रोत्याच्या डोळ्यांसमोर त्या शब्दाने निवेदक, ऑक्टोपॅड आणि जुनी सिनेगीते येतात. तिथे सूत्रे बहुधा संयोजकाकडे म्हणजे अरेंजरकडे असतात आणि तो कीबोर्डवर बसूनच मानेने इशारे देतो.

पूर्वपीठिका. एका सुरात शंभर जणांनी गाणे महाराष्ट्राला नवे नाही. वारी आणि भजनी मंडळे त्यावरच उभी आहेत. पण तिथे पुढे उभे राहून हात हलवणारा कोणी नसतो, टाळ आणि पखवाजच सगळ्यांना धरून ठेवतात. संचालकाची कल्पना दोन वाटांनी आली. एक वाट चर्चमधल्या समूहगायनाची. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासूनचे आहे. दुसरी वाट चळवळीची. १९४३ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘इप्टा’ने (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) समूहगीत रस्त्यावर आणले, पुढे संगीतकार सलील चौधरी यांनी बॉम्बे यूथ कॉयर हा गायकवृंद उभा केला. संगीतकार वसंत देसाई यांनी शाळकरी मुलांच्या मोठ्या समूहांकडून गाणी गाऊन घेतली. वाद्यांच्या बाजूला व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. १९५२ मध्ये आकाशवाणीने दिल्लीत वाद्यवृंद स्थापला आणि रविशंकर यांनी त्याचे संचालन केले. या सगळ्याचा ठाण्याशी थेट संबंध थोडाच. शाळांच्या समूहगीत स्पर्धांतून मात्र त्याचा पाझर इथवर पोहोचला, आणि आजचे बरेचसे संचालक त्या स्पर्धांची गाणी बसवतच घडले आहेत.

शिक्षण. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे विद्यालय वाशीत आहे आणि ‘विशारद’, ‘अलंकार’ या तिथल्या वरच्या परीक्षा झालेले शिक्षक या पट्ट्यात भरपूर सापडतात. पण या परीक्षा गायन, वादन आणि नृत्याच्या. तिथे वीस माणसांना एकाच क्षणी श्वास कसा घ्यायला लावायचा हे कोणी विचारत नाही. पियानोच्या ग्रेड परीक्षा दिलेल्यांना स्टाफ नोटेशन म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येते, पण ते लिहून दिले तर समोरचे गायक कोरे बघत बसतात. त्यामुळे संचालकाला भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही स्वरलिप्या याव्या लागतात आणि वापरायची मात्र तिसरीच: गाण्याच्या शब्दांवर पेन्सिलने केलेल्या खुणा. श्वासाला स्वल्पविराम, उचलीला बाण, थांबायच्या जागी आडवी रेघ.

पट्टीचा प्रश्न. संचालकाची खरी परीक्षा पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कोणत्या स्वरावर धरायचा, ते ठरवण्यात आहे; हात त्यानंतर. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये (पेटीची पहिली-दुसरी काळी पट्टी) सुखाने गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. काळी एक धरली तर बायकांना षड्ज वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि तार गंधारापर्यंत जाताना न शिकलेला आवाज किंचाळतो. काळी चार धरली तर पुरुष एकतर मंद्रात बुडतात किंवा वर जाऊन ओरडतात. मधली एखादी पट्टी काढली की दोघेही थोडे नाराज, पण गाणे चालते. जाणकार संचालक आधी चाल किती सुरांत फिरते ते बघतो, मग अंतरा बायकांना, ध्रुवपद सगळ्यांना अशी वाटणी करतो. दुसरा आवाज, म्हणजे हार्मनी, हा पुढचा टप्पा. एकसुरी गाण्यात वाढलेला कान शेजारी वेगळा सूर ऐकू आला की नकळत तिकडे सरकतो; म्हणून दोन्ही गट बरेच दिवस वेगवेगळे बसवतात. वाद्यांशिवाय दोन अंतरे झाले की सूर उतरतोच. शेवटी फोनवरचा तंबोरा लावून किती उतरलो ते दाखवणे हा सर्वात परिणामकारक, आणि सर्वात निर्दय, उपाय.

हाताची भाषा. पाश्चात्त्य ठोक्यांच्या आकृतीत हात पहिल्या ठोक्याला खाली पडतो. केरवा, दादरा यांच्याशी ते सहज जुळते, कारण समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, टाळीच पडते. रूपक आला की गडबड होते. सात मात्रांच्या या तालात समेलाच ‘खाली’, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, असते; शिकलेला गायक तिथे हात उलटा करतो, संचालकाचा हात मात्र वजनाने खाली आलेला असतो. नव्या संचालकाने हे आधी सांगितले नाही तर तबलजी आणि गायक दोन वेगवेगळ्या दिशांनी निघतात. ओळीच्या शेवटचा ‘स’ ही दुसरी खोड: पंधरा जण पंधरा वेळांना सोडतात आणि सभागृहात साप सुटल्यासारखे वाटते. नेरुळ, वाशीच्या गटांत तमिळ, मल्याळी, बंगाली सदस्य असतात, म्हणून ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’तला च यांतला फरक ओठांनी करून दाखवावा लागतो. लयीची तपासणी सोपी आहे. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत बसते का ते घड्याळ लावून बघायचे; हौशी गट बहुधा रेंगाळतो.

एका हाताच्या इशाऱ्यावर सर्वाधिक माणसे वाजवतात ती या भागात ढोल-ताशा पथकांत, हे कोणी संगीताच्या खात्यात धरत नाही. धरायला हवे.

व्यवसाय. केवळ संचालनावर घर चालत नाही. शाळेतली संगीत शिक्षकाची नोकरी, घरचे क्लास, ध्वनिमुद्रणाची कामे आणि त्याला जोडून एक-दोन गट, अशी बांधणी असते. सदस्यांच्या मासिक वर्गणीतून आधी हॉलचे भाडे जाते, मग तबलजी, मग साउंडवाला. उरले तर सरांना. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाल्यापासून (२००४) एकाच गटात घोडबंदरपासून नेरुळपर्यंतची माणसे येऊ शकतात. त्याची दुसरी बाजू अशी की साडेसातची तालीम आठ वाजता सुरू होते आणि पावणेदहाला अर्ध्यांना गाडी पकडायची असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, म्हणून आया गैरहजर. हंगाम दिवाळी पहाट, नाताळ, प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा आणि १ मे यांभोवती फिरतो. १९७८ मध्ये उभ्या राहिलेल्या गडकरी रंगायतनची किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाची तारीख मिळणे हीच मोठी कमाई समजली जाते. तिथे गेल्यावर साउंडवाला हा दुसरा संचालक होतो: सहा माइकपैकी कोणता वर, कोणता खाली हे त्याच्या बोटांत असते, आणि तीन महिने जुळवलेला तोल तो दोन मिनिटांत मोडू शकतो.

वारसा. संचालक बदलला की गट बहुधा विखुरतो. सदस्यांच्या फायलींत फक्त शब्द असतात. दुसऱ्या आवाजाची चाल कुठेच लिहिलेली नसते. ती असते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सरांनी स्वयंपाकघरात उभे राहून गाऊन पाठवलेल्या चाळीस सेकंदांच्या क्लिपमध्ये, मागे कुकरच्या शिट्टीसकट.