जीवशास्त्राची पदवी घेऊन पुढे काय?

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सूक्ष्मजीव शोधत होते. १९६६ साली तिथल्या नमुन्यांतून ७० अंश सेल्सिअसच्या आसपास छान वाढणारा एक जिवाणू वेगळा करण्यात आला. हे काम केलं हडसन फ्रीझ या त्यांच्या विद्यार्थ्याने, आणि तो तेव्हा पदवीचं शिक्षण घेत होता. जिवाणूचं नाव पडलं थर्मस अ‍ॅक्वाटिकस.

१९८३ मध्ये कॅरी म्युलिस या रसायनशास्त्रज्ञांना डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पीसीआर ही पद्धत सुचली. तिच्यात प्रत्येक फेरीत मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापवावं लागतं. डीएनएची प्रत बनवणारं साधं विकर (एन्झाइम) एवढ्या उष्णतेत निकामी होतं, त्यामुळे ते दर फेरीला नव्याने घालावं लागे. झऱ्यातल्या जिवाणूचं विकर मात्र टिकलं. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणजे तीस फेऱ्यांत एका रेणूचे शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात.

आज अनेक विद्यापीठांत विद्यार्थी हा प्रयोग स्वतः करतात. मायक्रोपिपेटने एक-दोन मायक्रोलिटर द्रव उचलायचा, जेल या जेलीसारख्या थरावर डीएनएचे पट्टे पाहायचे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची असते ती कंट्रोलची नळी. तिच्यात डीएनएऐवजी नुसतं पाणी असतं. तिथे पट्टा उमटला तर कुठेतरी डीएनए मिसळला आहे, आणि बाकीच्या नळ्यांतले सुंदर पट्टेही विश्वासाचे राहत नाहीत. जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, हा समज इथे गळून पडतो.

हेच तंत्र रोगनिदान प्रयोगशाळेत विषाणू शोधतं, न्यायवैद्यक विभागात रक्ताच्या डागावरून माणूस ओळखायला मदत करतं, अन्नतपासणीत मांस कोणत्या प्राण्याचं ते सांगतं. नदीच्या पाण्यात सापडणाऱ्या डीएनएवरून तिथे कोणते मासे राहतात, याचाही माग काढता येतो. या प्रत्येक ठिकाणी जीवशास्त्राचे पदवीधर काम करतात. औषधांची गुणवत्ता तपासणी, रुग्णांवरच्या चाचण्यांचं नियोजन, पेटंट, अध्यापन, विज्ञानलेखन या वाटाही आहेत.

माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएमध्ये, सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. ती डोळ्यांनी वाचून होत नाहीत. म्हणून संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग पहिल्या वर्षापासूनच शिकावं, असं मी आग्रहाने सांगेन. गणित नको म्हणून जीवशास्त्र घेणाऱ्यांची इथेच अडचण होते.

स्वतंत्र संशोधन करायचं असेल तर पदवी सहसा पुरत नाही. पीएचडीला बहुधा चार ते सहा वर्षं जातात, त्यानंतर पोस्टडॉक म्हणजे काही काळाचं तात्पुरतं संशोधनपद, आणि प्राध्यापकाच्या कायम जागा पीएचडीधारकांपेक्षा कमी असतात. हे आधीच माहीत असलेलं बरं. एखाद्या सुट्टीत प्रयोगशाळेत किंवा जंगलातल्या सर्वेक्षणात काम करून पाहावं. तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना दिवस कसा जातो आणि त्यांच्या आधीचे लोक आता कुठे आहेत, हे सरळ विचारावं.