भिजलेल्या बॅकअप टेपमागची गोष्ट

२०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा-दूधगंगेचं पाणी निपाणी-चिकोडी पट्ट्यात घुसलं, त्यानंतर आठवड्याभरानं एका पतसंस्थेतला पोरगा माझ्याकडं प्लास्टिकच्या पिशवीतून सहा डीडीएस कॅसेटी, म्हणजे कॉम्प्युटरच्या डेटाची जादा प्रत ठेवायच्या छोट्या टेपा, घेऊन आला. आत गाळ, वास तर विचारू नका. "सर, पाऊस उघडल्यावर दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवल्यात" म्हणाला. मी कपाळाला हात लावला. पोराचा हेतू चांगलाच होता, सांडगे वाळवावेत तशा मांडून ठेवलेल्या, पण निम्मं काम तिथंच बिघडलं होतं. ते का, हे कळायला जरा मागं जावं लागतंय.

टेप म्हणजे शेवटी काय, एक पातळ फीत आणि तिच्यावर गोंदानं चिकटवलेली लोखंडाच्या ऑक्साइडसारखी चुंबकीय पूड. जर्मनीतल्या फ्रिट्झ फ्लॉयमरनं १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर अशी पूड लावून आवाज साठवायची युक्ती काढली. हा माणूस त्याआधी सिगारेटच्या कागदावर सोनेरी धातूची पट्टी कशी बसवायची यावर काम करत होता, म्हणजे निपाणीच्या तंबाखूवाल्यांनी याला आपल्यातलाच म्हणायला हरकत नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी हे नंतर उचललं. १९५१ च्या युनिव्हॅक कॉम्प्युटरची टेप चक्क धातूची होती, मग १९५२ ला आयबीएमचं ७२६ यंत्र आलं ते प्लास्टिकच्या फितीवर. एका भल्यामोठ्या रिळात साधारण २ एमबी, आज मोबाईलवरचा एक फोटोसुद्धा त्यात धड मावायचा नाही.

आमच्याकडं जी टेप शिरली ती मात्र डीडीएस. १९८७ ला गाण्यांसाठी आलेली डॅट कॅसेट, तीच १९८९ मध्ये सोनी आणि एचपीनं डेटासाठी वळवली. जेमतेम ४ मिलिमीटर रुंद फीत, पहिल्या पिढीत २ जीबीच्या आसपास, आणि डेटा लिहिलेला तिरप्या रेघांत, फिरत्या ड्रमवरून, व्हीसीआरसारखा. युनिक्सच्या सर्व्हरवर संध्याकाळी कॅसेट घालायची, डेटा टेपवर उतरवायची टार कमांड द्यायची, मॅनेजरनं तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात टाकायची. आता हे कपाट कुठं, तर सर्व्हरच्याच खोलीत, तळमजल्यावर. पूर आला की दोघंही एकदमच पाण्यात, मग बॅकअप घेऊन उपयोग काय झाला?

टेपचा खरा शत्रू ओल. तो गोंद पॉलियुरेथेनच्या जातीचा असतोय, हवेतलं पाणी पितो आणि वर्षानुवर्षं पीत राहिला की चिकट होतो. मग टेप फिरवली की पूड खरवडून टेप वाचणाऱ्या हेडला बसते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच टेपांचं हेच झालं, त्यावर उपाय निघाला तो ऐकून हसू येईल, टेप भाजायची. म्हणजे तव्यावर नव्हे हो, ५०-५५ अंशांवर काही तास, सावकाश, मोजूनमापून. अँपेक्स कंपनीनं तर त्याचं पेटंटच घेतलं. भाजल्यावर टेप काही दिवस, फार तर आठवडे शहाण्यासारखी वागते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची.

हे अर्धवट ऐकूनच लोक भिजलेली टेप पण उन्हात ठेवतात. दोन्ही दुखणी वेगळी आहेत. पुराच्या पाण्यात गाळ असतो, तो वाळला की वेढ्यावर वेढा सिमेंटसारखा बसतो आणि उलगडताना पूड सोलून निघते. अशी टेप ओलीच ठेवायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, मग थंडच वाळवायची. १९८६ मध्ये चॅलेंजर यान पडलं तेव्हा त्यातली टेप सहा आठवडे समुद्राच्या खाऱ्या पाण्यात होती, तरी आयबीएमच्या माणसांच्या मदतीनं तिच्यातला आवाज काढलाच की! २००३ ला तुटून पडलेल्या कोलंबिया यानाच्या रेकॉर्डरची टेप तर आभाळातून टेक्सासच्या रानात पडलेली, तीही वाचली.

म्हणजे फीत तशी चिवट, आधी मरतो तो तिला वाचणारा ड्राइव्ह. नासानं १९६६-६७ मध्ये चंद्राभोवती लुनार ऑर्बिटर यानं फिरवली, त्यांच्या फोटोंच्या टेपा नीट होत्या पण त्या वाचणारी अँपेक्सची यंत्रं कुणाकडं राहिली नाहीत. नॅन्सी इव्हान्स नावाच्या बाईंनी ती अवजड धुडं स्वतःच्या गॅरेजात सांभाळली म्हणून २००८ पासून, एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या दुकानात बसून, लोकांना ते फोटो पुन्हा काढता आले. आपल्याकडं तसलं यंत्र कधीच भंगारात किलोवर गेलं असतं.

अजून एक भानगड असते ती पाण्याशिवायची. भरलेल्या टेपवर चुकून छोटा बॅकअप घेतला की ड्राइव्ह त्याच्या पुढं 'डेटा संपला' अशी खूण लिहितो आणि तिच्यापलीकडं बघायलाच तयार होत नाही, जुना डेटा तिथं पडून असला तरी. मग जाणकार लोक मुद्दाम लिहायला सुरू करून मधेच वीज तोडतात, म्हणजे ती खूण लिहिलीच जात नाही. जेवढ्यावर नवं लिहिलं तेवढं गेलंच, पण पुढचं हाती लागू शकतं. आमच्याकडं वीज तोडायला वेगळं काही करावं लागत नाही म्हणा.

त्या सहा कॅसेटींचं सांगायचं तर मी पहिल्यांदा धुतल्या, मग एकेक खोकं उघडून फीत दुसऱ्या चांगल्या खोक्यात वळवली, रेनॉल्ड्सच्या पेनानं गाण्याची कॅसेट गुंडाळायचो तसंच, फक्त हातात मोजे आणि जीव मुठीत. चार पूर्ण वाचल्या. एक निम्म्यात तुटली. सहावीची फीत गच्चीकडच्या बाजूनं एवढी चिकटली होती की हात लावला तर तपकिरी भुकटी बोटावर आली, ती परत पिशवीत घालून ठेवली. नेमकी तीच २००४ च्या मार्चअखेरची होती. जुना ड्राइव्ह अजून माझ्या टेबलाखाली आहे, त्याचं दार अडकतंय, बोटानं ढकलायला लागतं.