इनुइट वस्तुसंग्रहांची डिजिटल देवाणघेवाण

दूरच्या संग्रहालयांतील इनुइट (कॅनडा, ग्रीनलंड, अलास्का येथील उत्तर ध्रुवीय प्रदेशाचे मूळ रहिवासी) वस्तूंची छायाचित्रे आणि नोंदी मूळ समाजापर्यंत संगणकजाळ्यातून पोचवण्याची, आणि त्या समाजाकडून नोंदी तपासून, वाढवून घेण्याची पद्धत. यातला दुसरा भाग राहिला तर उरते ती नुसती चित्रसूची.

वायव्य कॅनडातील इनुविआलुइट या इनुइट लोकांचा प्रकल्प हे याचे उत्तम उदाहरण. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा व्यापारी रॉडरिक मॅकफार्लेन याने १८६० च्या दशकात अँडरसन नदीकाठच्या ठाण्यावरून कातडी पोशाख, हत्यारे, शिकारीची व मासेमारीची साधने जमवून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला पाठवली. पुढे गोवर, इन्फ्लुएंझा अशा साथींत इनुविआलुइटांची गावेच्या गावे ओस पडली; त्यामुळे या वस्तूंचे मोल फार मोठे आहे. तरीही दीडशे वर्षे त्या घडवणाऱ्यांच्या वंशजांच्या नजरेआड राहिल्या. २००९ मध्ये वडीलधारी मंडळी, तरुण आणि शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रिया वॉशिंग्टनला गेल्या. त्यांनी वस्तू हातात घेतल्या, त्यांची नावे आणि उपयोग सांगितले, कपडे बेतण्याचे नमुने उतरवून घेतले. या भेटीतून २०१२ मध्ये ‘इनुविआलुइट लिव्हिंग हिस्टरी’ हे संकेतस्थळ उभे राहिले. त्यात संग्रहालयाच्या नोंदींशेजारी समाजाचे स्वतःचे ज्ञान मांडलेले आहे. आधी प्रत्यक्ष स्पर्श आणि मग पडदा, हा क्रमच या कामाचे बळ आहे.

छायाचित्रांबाबतही असेच घडले. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कित्येक जुन्या चित्रांखाली माणसाचे नाव नसे, नुसते ‘एस्किमो’ हे इनुइटांना बाहेरच्यांनी दिलेले नाव लिहिलेले असे. ‘प्रोजेक्ट नेमिंग’ या उपक्रमात नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइटबहुल प्रदेशातील तरुणांनी ती चित्रे लॅपटॉपवर घेऊन वृद्धांना दाखवली आणि त्यांनी ओळखलेल्या नातलगांची, शेजाऱ्यांची नावे नोंदींत भरली गेली.

पद्धतीला मर्यादा आहेत. उपग्रहावर चालणारे महागडे, मंद इंटरनेट ही उत्तरेकडच्या वस्त्यांची जुनी अडचण. शिवाय कोणती माहिती सर्वांसाठी खुली ठेवायची, हे संग्रहालयाने परस्पर ठरवणे योग्य नाही. मुख्य म्हणजे, चित्र पाठवले म्हणून मूळ वस्तूवरचा हक्क फिटत नाही. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने १९८२ ते २००१ या काळात सुमारे ३५,००० वस्तू प्रत्यक्ष ग्रीनलंडला परत केल्या. त्या आज ग्रीनलंडची राजधानी नूक येथील संग्रहालयात आहेत.