जीपीची चिठ्ठी दर वेळी लागत नाही

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्याला जुनेजाणते ठासून सांगतात, ‘सर्जरीत जीपीला भेटल्याशिवाय इथे काही मिळत नाही.’ (जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, सर्जरी म्हणजे त्याचा दवाखाना.) हे अर्धंच खरं. तज्ज्ञाकडे जायला बहुधा जीपी लागतोच. पण ३१ जानेवारी २०२४ पासून सरकारी आरोग्यसेवेच्या ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेत घसादुखी, नागीण, किडा चावून चिघळलेली जखम अशा सात तक्रारींवर फार्मासिस्टच फुकट तपासतो, गरज असेल तर अँटिबायोटिकही देतो. वयाच्या अटी मात्र आहेत: कानदुखी फक्त १ ते १७ वर्षांच्या मुलांची, त्यामुळे बाबांचा कान ठणकला तर सर्जरीच गाठा! मन खचलं असेल तर ‘टॉकिंग थेरपीज’ या बोलून उपचार करणाऱ्या सेवेकडे थेट अर्ज करता येतो. आणि जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, रिसेप्शनवर काहीही सांगोत. इंग्रजी न येणाऱ्या आईसाठी दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.